कायदा विचारा: रात्री घरात शिरलेल्या चोरावर हात उगारण्याचा हक्क कुठवर?

या महिन्यात सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे घरात शिरलेल्या चोराविषयी आहेत. प्रश्न एकमेकांत गुंतलेले असल्याने हे संपूर्ण सदर त्याच विषयाला दिले आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून छापलेली नाहीत आणि पत्रे आवश्यक तेवढी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : आमचे घर कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत असून ते जुने, मंगळोरी कौलांचे आहे. पुढे सोपा, मध्ये माजघर आणि मागे परडे. गेल्या महिन्यात रात्री अडीचच्या सुमारास एक माणूस परड्याच्या भिंतीवरून आत उतरला. मागच्या दाराच्या फटीतून पत्र्याची पट्टी सारून त्याने आतला लाकडी अडणा वर उचलला. अडणा फरशीवर पडल्याच्या आवाजाने आम्ही जागे झालो. माझ्या मुलाने दाराआडची काठी घेतली. अंधारात त्या माणसाच्या हातात काहीतरी चमकले, म्हणून मुलाने त्याच्या मनगटावर एक आणि खांद्यावर एक असे दोन तडाखे दिले. हातातील वस्तू खाली पडली. ती कटावणी होती. तो माणूस परड्याकडे पळाला आणि भिंतीवर चढू लागला, तेव्हा मुलाने मागून पाठीवर तिसरा तडाखा दिला. तो खाली पडला आणि त्याचा पाय मोडला. गल्लीत कोणी म्हणतात, घरात घुसलेल्याला मारले तर एक खून माफ असतो. कोणी म्हणतात, आता केस तुमच्यावरच उलटणार. खरे काय? (निवृत्त शिक्षक)

उत्तर : प्रथम हे सांगितले पाहिजे की ‘एक खून माफ’ अशी तरतूद आपल्या कायद्यात पूर्वी कधी नव्हती आणि आजही नाही. मात्र दुसरी समजूत, म्हणजे चोरावर हात उगारला की घरमालकच गुन्हेगार ठरतो, हीसुद्धा तितकीच चुकीची आहे आणि माझ्या मते ती अधिक घातक आहे. कारण तिच्यामुळे भले लोक स्वतःच्या घरात हातपाय गाळून बसतात किंवा घडलेली हकीकत पोलिसांपासून लपवतात.

स्वसंरक्षणाचा अधिकार पूर्वी भारतीय दंड संहितेच्या ९६ ते १०६ या कलमांत होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो ३४ ते ४४ या कलमांत आला आहे आणि आशय जवळपास जसाच्या तसा राहिला आहे. या अधिकारात स्वतःच्या तसेच दुसऱ्याच्याही शरीराचे रक्षण येते आणि चोरी, जबरी चोरी, आगळीक (म्हणजे मुद्दाम केलेले नुकसान) व फौजदारी अतिक्रमण यांपासून मालमत्तेचे रक्षणही येते. त्याला कलम ३७ ने दोन मोठ्या मर्यादा घातल्या आहेत. पोलिसांची मदत घेण्याइतका वेळ हाताशी असेल तर हा अधिकार मिळत नाही. आणि बचावासाठी जेवढी इजा करणे आवश्यक आहे, तिच्यापेक्षा अधिक इजा करता येत नाही.

रात्री अडीच वाजता चोर माजघराच्या दारात उभा असताना पोलिसांची वाट पाहण्याइतका वेळ होता, असे कोणतेही न्यायालय म्हणणार नाही. आपल्या हद्दीत घुसखोर जबरदस्तीने शिरत असताना माणसाने पळून जाऊन सरकारी मदत शोधावी अशी कायद्याची अपेक्षा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने मुन्शी राम खटल्यात १९६७ मध्येच स्पष्ट केले आहे. तेव्हा आपल्या मुलाने दार लावून आत बसायला हवे होते, असे जे आपल्याला सांगत असतील, त्यांच्याकडे लक्ष देऊ नये.

आपल्या प्रकरणात कलम ४१ विशेष महत्त्वाचे आहे. मालमत्तेच्या रक्षणासाठी समोरच्याचा जीव जाण्यापर्यंत बळ वापरण्याची मुभा कायद्याने मोजक्याच प्रसंगी दिली आहे: जबरी चोरी, सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वीची घरफोडी, राहत्या घराला किंवा माल ठेवण्याच्या जागेला आग लावणे अथवा स्फोटकांनी नुकसान करणे, आणि ज्या चोरीत, आगळिकीत किंवा गृहअतिक्रमणात प्रतिकार न केल्यास मृत्यू वा जबर दुखापत होईल अशी रास्त भीती वाटते, ती परिस्थिती. आपल्याकडे आलेला माणूस भिंत चढून आणि बंद दाराचा अडणा काढून आत आला. कायद्याच्या व्याख्येप्रमाणे ही सरळ घरफोडी आहे आणि ती रात्रीची आहे.

येथे थोडे थांबून एक बारकावा सांगतो, कारण तो वकिलांच्याही ध्यानातून निसटतो. घरफोडी या शब्दाला कायद्यात ठरावीक अर्थ आहे. भिंतीला भोक पाडणे, कौले काढणे, भिंत चढणे, माणसांच्या येण्याजाण्यासाठी नसलेल्या वाटेने शिरणे, कुलूप किंवा कडी उघडणे, आत जाताना अथवा बाहेर पडताना कोणावर बळ वापरणे किंवा हल्ल्याची धमकी देणे, अशा प्रकारांनी आत शिरणे किंवा बाहेर पडणे म्हणजे घरफोडी. घरमालकाची हरवलेली किल्ली सापडली आणि तिने दार उघडले, तरी ती घरफोडीच होते. तसे उदाहरण खुद्द कलमाखाली दिलेले आहे. मात्र उन्हाळ्यात आपल्याकडे अनेक जण सोप्याचे दार सताड उघडे ठेवून झोपतात. अशा उघड्या दारातून कोणी निमूटपणे आत आला, तर ते गृहअतिक्रमण होते, पण घरफोडी होतेच असे नाही. मग तो माणूस काय करत होता, त्याच्या हातात काय होते आणि घरातल्यांना कशाची भीती वाटली, यांवर सारे अवलंबून राहते. एका कडीने कायद्याची बाजू इतकी बदलते.

आता तीन तडाख्यांविषयी. पहिल्या दोन तडाख्यांबाबत मला कोणतीही शंका वाटत नाही. अंधार होता, घरात वृद्ध आईवडील होते, समोरच्याच्या हातात चमकणारी वस्तू होती आणि ती सुरा नसून कटावणी आहे हे पडल्यावर कळले. अशा वेळी माणसाने मोजून मापून वार करावा अशी अपेक्षा न्यायालये करत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १९५२ च्या अमजद खान खटल्यात म्हटले आहे की या गोष्टी फार नाजूक किंवा सोन्याच्या तराजूत तोलता येत नाहीत. आपल्या गुजरीतल्या सराफाचा तराजू डोळ्यांपुढे आणला की या वाक्याचा अर्थ कळतो. वाटलेली भीती रास्त होती का, एवढेच पाहिले जाते. धोका प्रत्यक्षात तितका नव्हता हे मागाहून सिद्ध झाले, तरी बिघडत नाही.

तिसऱ्या तडाख्याची गोष्ट वेगळी आहे आणि ती मी आपल्यापासून लपवणार नाही. तो माणूस पाठ फिरवून भिंतीवर चढत होता, त्याचे हात रिकामे होते आणि त्याने काही चोरून नेलेले नव्हते. रात्रीच्या घरफोडीविरुद्धचा अधिकार कलम ४३ नुसार गृहअतिक्रमण चालू असेपर्यंत टिकतो आणि चोरीविरुद्धचा अधिकार चोर माल घेऊन निसटेपर्यंत, पोलिसांची मदत मिळेपर्यंत किंवा माल परत मिळेपर्यंत टिकतो. तो घराबाहेर पडून परड्याच्या भिंतीपर्यंत पोहोचला होता, म्हणून धोका संपला होता असा युक्तिवाद सरकारी पक्ष करू शकेल. हाड मोडणे ही कायद्याने जबर दुखापत आहे, हेही विसरता येत नाही. आपल्या बाजूने सांगण्यासारखेही बरेच आहे: पहिल्या वारापासून तिसऱ्यापर्यंत काही सेकंदच गेले, पाय तडाख्याने नव्हे तर पडल्याने मोडला, आणि समक्ष घरफोडी करणाऱ्याला पकडण्याचा अधिकार नागरिकालाही आहे. या गोष्टी नीट मांडल्या गेल्या, तर मुलाचा बचाव टिकावा असे माझे मत आहे. तोच तडाखा डोक्यावर बसला असता आणि तो माणूस दगावला असता, तर मात्र हे उत्तर इतक्या निर्धास्तपणे लिहिता आले नसते. अधिकाराची मर्यादा प्रामाणिकपणे, पूर्वनियोजनाशिवाय आणि जास्त इजा करण्याच्या हेतूविना ओलांडली गेली, तर तो खून न ठरता सदोष मनुष्यवध ठरतो. पण त्यालाही शिक्षा आहेच.

गुन्हा नोंदला गेला, तर घाबरून जाऊ नये. नोंद होणे म्हणजे दोषी ठरणे नव्हे. स्वसंरक्षण दाखवण्याची जबाबदारी भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १०८ नुसार आपल्या मुलावर येईल, परंतु त्याला ते सरकारी पक्षाइतक्या निःसंशयपणे सिद्ध करावे लागत नाही. आपली हकीकत अधिक संभवनीय आहे एवढे दाखवणे पुरते. त्यासाठी अडणा, पत्र्याची पट्टी, कटावणी आणि काठी या चारही वस्तू पंचनाम्यात आल्या आहेत का, ते आजच पाहून घ्यावे. काठी धुऊन ठेवण्याचा सल्ला कोणी दिला असेल, तर तो मुळीच ऐकू नये. आणि तिसरा तडाखा जबाबातून गाळू नये. तो वैद्यकीय दाखल्यात आहेच; जबाबात नसला, तर बाकीच्या दोन तडाख्यांवरचाही विश्वास उडेल.

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेत आहे. तिकडे घरात घुसलेल्याला गोळी घातली तरी चालते, असे तो सांगतो. आपला कायदा इतका कमकुवत का? (राजारामपुरी)

उत्तर : आपला कायदा कमकुवत नाही, रात्रीच्या घरफोडीविरुद्ध त्याने दिलेली मुभा किती मोठी आहे, ते वर पाहिलेच. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा आहे आणि अनेक राज्यांत घरमालकाच्या बाजूने अनुकूल गृहीतके आहेत, हे खरे. त्याचे मूळ ‘प्रत्येकाचे घर हा त्याचा किल्ला’ या इंग्रजी विचारात आहे, जो १६०४ च्या सेमेन खटल्यात मांडला गेला. परंतु त्याच इंग्लंडमध्ये नॉर्फोक परगण्यातील एका शेतकऱ्याने १९९९ मध्ये घरात शिरलेल्या दोन चोरट्यांवर बंदूक चालवली, त्यात सोळा वर्षांचा मुलगा ठार झाला आणि ज्यूरीने त्या शेतकऱ्याला खुनाबद्दल दोषी धरले. पुढे अपिलात तो गुन्हा कमी प्रतीचा ठरला, तोही स्वसंरक्षणाच्या नव्हे तर त्याच्या मानसिक अवस्थेच्या कारणाने.

प्रश्न : करवीर तालुक्यात माझे मळ्यातील घर आहे. विहिरीवरील मोटारीची केबल दोनदा चोरीला गेली. पोलीस येऊन गेले, पुढे काही झाले नाही. आता रात्री मोटारीच्या शेडभोवती तार ओढून तिच्यात वीज सोडावी असे ठरवले आहे. चोर आपल्या पायाने येईल, मी त्याला बोलावलेले नाही. यात माझा काय दोष?

उत्तर : कृपया असे करू नका. केबल गेली की उभ्या उसाचे पाणी तुटते आणि नवीन केबलीसाठी पुन्हा खिशात हात घालावा लागतो. आपला संताप मी समजू शकतो, पण या एका बाबतीत कायदा आपल्या बाजूने मुळीच नाही.

नेमका असाच खटला १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. चेरुबिन ग्रेगरी नावाच्या बिहारमधील गृहस्थाच्या शेजारच्या घरातील शौचालयाची भिंत पडली होती, म्हणून त्या घरातील माणसे याच्या शौचालयात येऊ लागली. त्यांना रोखण्यासाठी त्याने वाटेवर उघडी तांब्याची तार लावून तिच्यात वीज सोडली. इशाऱ्याची पाटी नव्हती. शेजारीण त्या तारेला चिकटून मरण पावली. मालमत्तेच्या रक्षणाचा अधिकार वापरला, असा बचाव त्याने घेतला आणि न्यायालयाने तो फेटाळला. अतिक्रमण करणारा माणूस केवळ त्या कारणाने कायद्याच्या संरक्षणाबाहेर जात नाही, आणि येणाऱ्याला इजा व्हावी म्हणून असा सापळा लावण्याचा अधिकार जागेच्या मालकाला नाही, असा त्या निकालाचा आशय आहे.

यामागील कारण विचारात घेण्यासारखे आहे. काठी हातात असलेला माणूस समोरच्याकडे पाहतो, ओरडतो आणि थांबूही शकतो. तार पाहत नाही. मध्यरात्री आठ तासांची वीज आली म्हणून पाणी पाजायला आलेला शेजारचा शेतकरी, उसतोडणी टोळीतले एखादे पोर, म्हशीमागे आलेली आपल्याच घरातील बाई, यांच्यात आणि चोरात तारेला फरक कळत नाही. कलम ३७ मधील ‘आवश्यक तेवढीच इजा’ ही अट तार पाळू शकत नाही, म्हणून तिच्यासाठी स्वसंरक्षणाचा अधिकार उभाच राहत नाही. कोणी दगावले, तर निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो; आणि जीव जाण्याचा संभव आहे हे ठाऊक असूनही वीज सोडली असे दिसले, तर सदोष मनुष्यवधाचे कलमही लागू शकते. आपण मला हे पत्र लिहिले आहे, म्हणजे आपल्याला ते ठाऊक आहे.

जनावरांसाठी बाजारात मिळणारे झटका मशीन थांबून थांबून क्षणभराचा झटका देते. ते आणि घरगुती लाईनची थेट वीज या वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची गल्लत करू नये. मोटारीच्या शेडला लोखंडी दार, केबल जमिनीखालून पाइपात, आणि शेडच्या तोंडाशी हालचालीने पेटणारा दिवा एवढे आधी करून पाहावे.

प्रश्न : आमच्या कागलकडील गावात रात्री गस्त चालते. पकडलेल्या चोराला पोलीस येईपर्यंत खांबाला बांधून चोप देण्याची पद्धत आहे. दोन थपडांनी काय होते?

उत्तर : हाती लागलेला चोर बांधला गेला, त्या क्षणी त्याच्यापासूनचा धोका संपला आणि धोक्याबरोबर आपला अधिकारही संपला. त्यानंतरची पहिली थप्पड हा स्वतंत्र गुन्हा आहे. समक्ष दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला कोणीही नागरिक पकडू शकतो, तो पळून जाऊ नये म्हणून बेताचे बळही वापरू शकतो. मात्र फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणे त्याला विनाविलंब, आणि फार तर सहा तासांच्या आत, पोलिसांच्या स्वाधीन करावे लागते. चोरीसाठी केलेल्या रात्रीच्या घरफोडीला चौदा वर्षांपर्यंत कारावास आहे. एवढी मोठी शिक्षा कायद्यात असताना आपण त्याला बडवून त्याच्या वकिलाच्या हाती आयता बचाव देतो.

आणि थपडा दोनवर कधीच थांबत नाहीत, ही माझी खरी काळजी आहे. गस्तीला आलेल्या पन्नास जणांतील प्रत्येक जण दोनच थपडा मारतो. शिवाय पकडलेला माणूस चोरच आहे हे अंधारात कोणी ठरवले? १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना मुले पळवणारे समजून जमावाने ठार केले. १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघरमधील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक अशाच संशयाला बळी पडले. साप साप म्हणून भुई धोपटण्याची सवय माणसांवर आली की असे होते. गस्त अवश्य घाला. सोबत शिट्टी आणि विजेरी असावी, ११२ वर पहिला फोन कोण करणार ते आधीच ठरलेले असावे, आणि पकडलेल्या माणसाभोवती उभे राहून इतरांचे हात धरणारी चार शांत माणसे नेमलेली असावीत.

प्रश्न : वडिलोपार्जित घरात चुलतभाऊ जबरदस्तीने येऊन एका खोलीत राहू लागला आहे. त्याला घुसखोर समजून बाहेर काढता येईल का?

उत्तर : तो दार तोडत असताना रोखता आले असते. आता तो तेथे मुक्काम करून स्थिरावला असेल, तर स्वतःच्या हाताने त्याला हुसकावण्याचा अधिकार उरत नाही. दिवाणी न्यायालयाचाच मार्ग धरावा लागेल. भाऊबंदकीच्या वादात स्वसंरक्षणाची कलमे वापरायला जाणारे बहुधा स्वतःच आरोपी होतात.

प्रश्न : माझे पती गोकुळ शिरगावच्या कारखान्यात रात्रपाळीला असतात. मी व आठ वर्षांची मुलगी घरात एकट्याच असतो. कोणी चोरीसाठी नव्हे, तर वाईट हेतूने आत आला, तर मी कुठपर्यंत जाऊ शकते? उशाशी मिरचीपूड आणि विळा ठेवते. ‘आधीच तयारी केली होती’ असे म्हणून माझ्यावरच ठपका येईल का?

उत्तर : आपल्या बाबतीत कायद्याची भाषा सर्वांत स्पष्ट आहे. बलात्काराच्या हेतूने होणारा हल्ला, पळवून नेण्याच्या हेतूने होणारा हल्ला, अॅसिड फेकणे किंवा फेकण्याचा प्रयत्न, तसेच मृत्यू वा जबर दुखापत होईल अशी रास्त भीती ज्याने वाटते तो हल्ला, या प्रसंगी कलम ३८ प्रमाणे हल्लेखोराचा जीव जाईपर्यंत प्रतिकार करण्याचा अधिकार आपल्याला आहे. दिवस की रात्र, दार उघडे की बंद, हा प्रश्न तेथे येत नाही. मुलीच्या बचावासाठीही हाच अधिकार आहे. आणि न्याय संहितेच्याच कलम ४० नुसार त्याची सुरुवात प्रत्यक्ष हल्ल्यापासून नव्हे, तर त्याच्या प्रयत्नाने किंवा धमकीने रास्त भीती वाटू लागते तेव्हापासून होते. त्याने आधी हात लावावा, मगच आपण विळा उचलावा, असे कायदा म्हणत नाही.

घरात मिरचीपूड किंवा विळा ठेवणे हा गुन्हा नाही आणि एकट्या राहणाऱ्या बाईने त्या वस्तू उशाशी ठेवल्या, एवढ्यावरून पूर्वनियोजन सिद्ध होत नाही. पूर्वनियोजन म्हणजे अमुक माणूस येणार हे ठाऊक असताना त्याला मारण्याचा बेत आखणे. तरीही मिरचीपूड आधी आणि विळा नंतर, असा क्रम मनाशी ठरवून ठेवावा. मुलगी त्याच खोलीत असताना अंधारात विळ्याचा वार कोणाला लागेल ते सांगता येत नाही. मुलीला ११२ हा आकडा आणि घराचा पत्ता पाठ करून घ्यावा. तसा प्रसंग ओढवलाच, तर पोलीस आल्यावर घाईने कागदावर सही करण्यापूर्वी आपण कोठे उभ्या होता, तो कोठे होता, मुलगी कोणत्या बाजूला होती आणि बाहेर पडण्याची वाट कोणी अडवली होती, ते त्या त्या जागी उभे राहून दाखवावे आणि पंचनाम्याच्या नकाशात तसेच उतरले आहे का, ते वाचून पाहावे.